तांबड्या, लंबू आणि धाकल्याची पुढची सोय

मी, बनुबाई सयाजी निकम, वय सत्त्याहत्तर, राहणार विटा, जिल्हा सांगली, माहेर कोरेगाव, जिल्हा सातारा, शिक्षण चौथी, तीही पुरी न्हाई, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. डोकं जागेवर आहे. गुडघे न्हाईत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत न्हाईत असं वकील म्हणाले. कोणी दम दिलेला नाही. मला दम देणारं माणूस या घरात अजून यायचंय.

१. राहतं घर व माझ्या नावची जमीन मुलगा साईराज यास देत आहे. त्याचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे, त्याला घराची गरज न्हाई. पण दुसऱ्या कुणाला दिलं तर माझ्या तेराव्याला जेवायचा न्हाई.

२. बोरमाळ व पाटल्या नात अंकिता हिला. साईराजनं त्या गाळायला मागू नयेत.

३. आता महत्त्वाचं. माझ्या मोबाईलात टेनिसचे तीन खेळाडू आहेत. गुडघ्याच्या आपरेशनानंतर पडल्या पडल्या मी सगळ्यांना बोलत हुते, म्हणून अंकितानं हा खेळ घालून दिला. यात आपण ब्याट धरायची न्हाई. खेळाडू सांभाळायचे. सराव द्यायचा, कुठल्या स्पर्धेला धाडायचं ते ठरवायचं, दमला की बसवायचं. नावं परदेशी, माझ्या तोंडात बसत न्हाईत, म्हणून मी त्यांना तांबड्या, लंबू आणि धाकला म्हणते. महिनाभर कुणी खेळ उघडला नाही तर खेळवाले खेळाडू काढून टाकतात. म्हणजे माझं तेरावं झालं की माझी पोरंही गेलीच. ते मला मंजूर नाही.

४. ती साईराजला द्यायची नाहीत. विचारलं तर म्हणाला, "आई, ती खरी न्हाईत गं."
मी म्हटलं, "तू तरी दिवाळीशिवाय कुठं दिसतोस रं?"

५. अंकितालाही नाहीत. मी माहेरी गेले तवा आठवडाभर तिच्यावर सोडली, तर तिनं लंबूला एकेरी, दुहेरी सगळीकडं पळवला. मी आले तर गडी उभा राहीना.

६. माझी धाकटी जाऊ धोंडुबाई भिंतीपलीकडं राहते. वाटणीत पाणी तापवायचा तांब्याचा बंब मला आला, तर हिनं त्याचं झाकण पदराखाली नेलं. तेव्हापासून आमी बोलत नव्हतो. माझं पाणी उघडंच तापतंय.

७. यंदा नेमकी बेंदराच्या दिवशी तांबड्याची फायनल आली. समोरचा गडी खेळात 'रणरागिणी' नाव घेतलेल्या कुणा बाईचा, जिनं दोन हंगाम माझा जीव खाल्लेला. सामन्यादिवशी सकाळी खेळाडू उतरवायचं बटण दाबावं लागतं, न्हाईतर माघार धरतात. बेंदराला आपण बैल जुंपत न्हाई, मग तांबड्याला कसा जुंपू? दाबलं न्हाई. मोबाईलला हळदकुंकू लावून ओवाळलं, पोळी खाल्ली, चषक सोडला. संध्याकाळी बघते तर रणरागिणीचीही माघार, चषक कुणालाच न्हाई! आता आपल्या मुलखाबाहेरची बाई बेंदूर पाळंल व्हय? आणि भिंतीपलीकडनं या खेळाची टिंगटिंग तर रोज यायची. भिंतीला तोंड लावून वरडले, "धोंडे, तू हायस व्हय गं?"
पलीकडनं आवाज आला, "आवं आक्का, बेंदराला कोण जुंपतंय?"
अंकितानं खेळ दोघींना घालून दिला हुता आणि दोघींना सांगितलं न्हवतं. याबद्दल तिच्या पाटल्या कमी करणार हुते. केल्या न्हाईत.

८. म्हणून तिन्ही खेळाडू मोबाईलासकट धोंडुबाईस देत आहे. अटी: तांबड्या तेहतिशीला आलाय, हंगाम संपला की त्याला निवृत्त करावं, माझ्या आठवणीसाठी ओढत बसू नये. तिच्या गड्याशी त्याची गाठ पडली तर त्याला मुद्दाम हरवू नये. बेंदराचं तिला सांगायला नको, कायद्यापुरतं लिहिलं.

९. बंबही तिलाच. झाकण तिच्याकडं हायच.

धोंडुबाईला साक्षीदार व्हायचं हुतं. जिला मिळणार तिनं साक्ष घालू नये, असं वकील म्हणाले. "मग बघत तरी हुबी ऱ्हाते," म्हणाली, आणि पदराखालनं झाकण काढून पुढं ठेवलं. "आक्का, जित्या हायसा तवर तरी पाणी झाकून तापवा."

झाकण चेपलेलं आहे, याची नोंद व्हावी.

लिहून देणार: बनुबाई सयाजी निकम (सही केली आहे, अंगठा न्हाई)
साक्षीदार: १. भाऊसो बिरदेव माने २. मंगल भाऊसो माने
ठिकाण: विटा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५