माशाशिवाय तीन आठवडे

हैदराबाद, १२ ऑगस्ट १९९९

चि. रिंकू,

मी मजेत आहे, मेसचं जेवण शुद्ध शाकाहारी आहे. आईला एवढंच वाचून दाखव. दादीचे गुडघे कसे आहेत?

पुढचं तुझ्यापुरतं. नारायणगावच्या बाजारात सुकटवाल्यांसमोरून आपण नाक दाबून पळायचो ना? इथं प्रयोगशाळेत पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये परका डीएनए घालायचा, तर सोबत माशाच्या वीर्यातून काढलेला डीएनए मिसळतात. त्याशिवाय यीस्ट बाहेरचं सहज आत घेत नाही म्हणे. शी! लई घाण गं. हात दहादा धुते, तरी दादीचे लाडू चमच्याने फोडून खाते.

तीन आठवडे मी तो गुपचूप वगळला. डीएनए आत घेतलेलं यीस्टच बशीत उगवतं; काहीच उगवलं नाही. सर माझ्यावर वैतागले.

सोमवारी नाक दाबून घातला. आज बशीभर पांढरे ठिपके उगवलेत. मी आनंदाने टाळ्या पिटल्या, रिंकू. त्याच हातांनी.

तुझी,
हर्षाताई