डावा कान

पॅरिस, ता. ४ मार्च १९०८

ती. बाबांस, नोएमीचा सा. न. वि. वि.

आधी बातमी, खुशाली मागाहून. निवृत्त जिल्हाधिकारी मस्यू देलमार्श यांच्या गौरवासाठी तळहाताएवढी कांस्यपट्टिका करायची आहे. एका बाजूला त्यांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला आपल्या खाणी. अकरा शिल्पकारांतून आपल्या गावच्या समितीने माझा नमुना निवडला! ला फ्रेस्नेलच्या खाणीत छपराच्या दगडी पाट्या फोडणाऱ्या यव्ह केर्ब्राच्या मुलीचा. गावभर बेधडक सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर शेजारच्या मादाम ब्लांदीन सांगतीलच, तेही दुप्पट करून.

म्हातारबुवा इथे लेकीकडे राहतात. दोनदा माझ्यासमोर बसले, पण दर वेळी उजवी बाजूच पुढे करतात. डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग नाही. पण बाबा, त्या चेहऱ्याचा सगळा जीव डाव्या बाजूला आहे. कुणी बोललं की तिकडची भुवई वर जाते. उजवीकडून ते कुठलेही सरकारी गृहस्थ दिसतात. डावी बाजू ते नको म्हणतात, समितीही नको म्हणते. मी त्यांना वळवणारच. कान खाणीच्या संपात गेला, एवढंच कळलं. तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना? काय झालं ते लिहा.

पाईप कमी ओढा, माया मात्र कमी करू नका.

तुमची नोएमी


ला फ्रेस्नेल, ता. ९ मार्च

चि. नोएमीस, अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ब्लांदीनने खिडकीत उभं राहून मोठ्याने वाचलं. आनंद झाला.

कानाचं म्हणशील तर गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची आणि गर्दी फार होती. त्यांना उजवी बाजू हवी तर उजवी कर. उगाच खोदत बसू नकोस. कोबी गारठ्याने गेला.

तुझ्या कामाला यश येवो.

बाबा


पॅरिस, ता. १६ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

इतकं आखूड पत्र तुम्ही आईच्या आजारपणातसुद्धा लिहिलं नव्हतं.

आज मी म्हातारबुवांना फार छेडलं. शेवटी म्हणाले की दगड मारणारा पोरगेला होता, त्याची बायको पोटुशी होती, आणि तो अजून त्याच गावात राहतो. फुटका कान कांशात घातला तर लोक पुन्हा त्याला शोधायला लागतील. मग सहज बोलून गेले की नेम मात्र पक्का होता, तोही डाव्या हाताचा. मी हसले. म्हटलं, आमचे बाबाही डावखुरे, यव्ह केर्ब्रा, ओळखता का? त्यांनी एकदम खिडकी लावून घ्यायला सांगितली. खिडकी बंदच होती.

बाबा, मी त्याच उन्हाळ्यात जन्मले. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही. राग दगडाचा नाही, मला इतकी वर्षं सांगितलं नाहीत याचा आहे. उजवी बाजू मेणात घडवायला घेतली आहे. चांगली होईल. मला काम येतं.

रागावले तरी तुमचीच,

नोएमी


ला फ्रेस्नेल, ता. २२ मार्च

चि. नोएमीस, अ. आ.

दगड मीच मारला.

संपाचा अकरावा आठवडा होता. सैनिक बंदुका रोखून उभे होते. हा माणूस हॅट हातात घेऊन एकटाच आमच्याकडे चालत आला. मला वाटलं, सैनिक यानेच आणलेत. पायाशी पाटीची कपची होती, उचलली आणि भिरकावली. त्याची कॉलर लाल झाली. कप्तानाने गोळीबाराचा हुकूम मागितला. याने कानाला रुमाल लावला, बंदुका खाली करा म्हणाला, आणि तसाच तासभर आमच्याशी बोलत राहिला. बोलताना नजर माझ्यावर. पुढे चौकशीत म्हणाला की उन्हाने डोळे दिपले होते, कोण ते दिसलं नाही. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पोरी.

तो गप्प राहिला माझ्यासाठी. मीही गप्प राहिलो, तेही माझ्याचसाठी. तुला काय तोंडाने सांगणार होतो?

काल रविवारचा कोट घालून समितीपुढे गेलो आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांनी आधी दार लावून घेतलं, मग मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, मस्यू देलमार्श हो म्हणतील तर आमचीही हरकत नाही. त्यांनाही मी पत्र टाकलं आहे. तू डावी बाजू कर. हात आखडू नकोस.

क्षमा मागतो. आशीर्वाद आहेतच.

बाबा


पॅरिस, ता. २ एप्रिल

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, घडी करून आतल्या खिशात ठेवलं आणि खुर्ची फिरवून बसले. डावीकडून!

उजवीचं मेण मी त्याच दिवशी वितळवलं. नवं काम चार दिवसांत उतरलं. कानाची फाटकी कड करताना हात जराही अडला नाही. राग अर्धा गेला आहे, उरलेला भेटीत काढीन.

सोहळा १४ जूनला, आणि नेमकं त्याच दिवशी इथे माझं पहिलं प्रदर्शन उघडतंय. मला येता येणार नाही. सगळं लिहा, आणि आखूड नको.

तुमची नोएमी


ला फ्रेस्नेल, ता. १५ जून

चि. नोएमीस, अ. आ.

भाषणं लांबली. पट्टिका हातोहात फिरली. खाणीतली माणसं कानावरून अंगठा फिरवून बघत होती आणि मग माझ्याकडे बघत होती; समितीतून गोष्ट गावभर झाली होतीच. मी भिंतीशी उभा. तेवढ्यात मस्यू देलमार्श उठले, काठी टेकत सगळं सभागृह ओलांडून आले आणि माझा डावा हात हातात घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, पत्रात मागून झाली, आता जेवायला चला.

जेवताना खरी गंमत झाली. म्हातारा जुआनो उठून म्हणाला की दगड त्यानेही मारला होता, पण चुकला. मग पेरिनो उठला, त्याचाही चुकला होता. मग आणखी दोघे. सव्वीस वर्षं मी समजत होतो, दगड मारणारा मी एकटाच! मस्यू देलमार्श डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, म्हणजे अख्ख्या खाणीत नेम धरता येणारा हा एकच.

पट्टिका माझ्यासमोर ठेवली आहे. तो चालत आला तेव्हा अगदी असाच दिसत होता, आणि तू तर तेव्हा जन्मलीही नव्हतीस. नेम तुझ्याही हाताला आहे, बाळ. तेवढा माझ्याकडून घेतलास.

उरलेला राग घेऊन लवकर ये.

तुझा बाबा