बटणाएवढा माइक

प्रिय कानसेन,

राग आलाय, म्हणून पत्र. फोनवर तू मध्येच ‘थांब, शॉट लागतोय’ म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तुमचं शूटिंग बाहेरगावी हलण्याआधी मी एकदा सेटवर येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते ना, तेव्हापासून नुसता जळफळाट चाललाय माझा. तो बटणाएवढा माइक नायिकेच्या कॉलरखाली लावायच्या आधी तू तळहात घासून गरम केलेस. का, तर गार बोटांनी ती दचकू नये. माझ्या मानेला मात्र बारा महिने गार हात लावून वर हसतोस. मग आवाज नीट येतो का बघायला तिला विचारलंस, ‘सकाळी काय खाल्लं?’ ती सांगत होती, दोन टोस्ट, अर्धं केळं, आणि तू हेडफोन कानांवर दाबून, डोळे मिटून ऐकत होतास. तुमच्या धंद्यात सगळ्यांनाच हे विचारतात, माहीत आहे मला. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी विचारलंस? कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

वर घरी येऊन कौतुक. तिला सर्दी होणार हे तुला म्हणे तिच्याआधी कळलं, नुसत्या श्वासावरून. तुझ्या आईसुद्धा म्हणाल्या, ‘याला लहानपणापासून घरातली हाक ऐकू येत नाही, शेजारची येते.’ मी हसले, पण पोटात दुखायचं ते दुखलंच.

बाकी घरचं ठीक. आईंचा गुडघा बरा आहे, मोरीतला नळ गळतोय तो गळतोयच. आणि मी नवा फोन घेतला. तूच म्हणालास ना, तुझा आवाज खरखरतो, मध्येच जातो, फोन बिघडलाय, बदलून टाक. बदलला. तर म्हणालास, लाइनच खराब आहे. अरे, जुना फोन चांगला होता. लाइनही चांगली आहे. महिनाभर माझा घसा बसलाय. तिची न आलेली शिंक ओळखणाऱ्या माणसाला हे कळू नये, याचा मला तिच्याहून जास्त राग आलाय.

काल डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ आहे. साधी दिसते म्हणाले, पण काढावी लागेल, आणि नंतर आवाज हाच राहील याची खात्री नाही. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. आईंना अजून सांगितलेलं नाही. भीती वाटते रे, खूप. तू शनिवारीच ये. तुझी ती रेकॉर्डिंगची पेटी घेऊन ये, माइक मला लाव, आणि मी बोलेन तेवढं सगळं भरून घे. आवाज खरखरीत आहे, तसाच घे. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलंय. सगळी भांडणंच आहेत, आणि त्यातलं एकही तू मध्ये तोडायचं नाहीस.

तुझीच,
भांडकुदळ