वेनफोर्डचे तांबडे मोजे

मी, लेम्युएल स्ट्राउब, वय एकाहत्तर, धंदा रंगारी, राहणार वेनफोर्ड, ओहायो, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा चार इयत्ता झाली. शुद्धलेखनावरून कोणी कोर्टात जाऊ नये.

१. रंगाची दोन तांब्याची पातेली शेजारीण हुल्डा ब्रांट हिला द्यावीत. त्यांत तिने स्वयंपाक करू नये. कितीही घासली तरी करू नये.

२. बेसबॉल क्लबचे जुने सेक्रेटरी जेरोम क्रॉफ्ट यांना काहीही देऊ नये. १८८२ साली मैदानातल्या प्रत्येक जागेवरच्या खेळाडूला शर्टाचा वेगळा रंग होता, आणि समोरच्या संघातही त्या जागेला तोच. संघ ओळखायचा तो फक्त मोज्यांवरून. म्हणून मोजे भडक हवेत असा क्रॉफ्टचा तगादा असे. मी तांबडा रंग दोनदा चढवला. त्याच मोसमात आमच्या संघातल्या ऑरिन टेटच्या पोटरीत दुसऱ्याच्या बुटाचा खिळा घुसला. जखम चिघळली, पाय कापावा लागला. स्ट्राउबच्या रंगाने रक्त नासवले, असे क्रॉफ्टने गावभर केले.

३. घर ऑरिन टेट यास द्यावे. (हे कलम मी खोडले आहे. कारण पाचव्या कलमात.)

४. त्याच वर्षी मी स्वतःची डावी पोटरी चाकूने कापली आणि वर तसलाच मोजा नऊ दिवस बांधून ठेवला. जखम भरली. पण तो मोजा ऑरिनच्या मोज्याबरोबर एकाच घाण्यात रंगवलेला होता की नंतरच्या, हे माझ्या कामाच्या वहीत लिहिलेले नाही. एकोणतीस वर्षे आठवतो आहे, आठवत नाही. पुरण्यापूर्वी माझा व्रण ऑरिनला दाखवावा. (हेही खोडले. त्याने आज पाहिला.)

५. आज सकाळी पोस्टमन पेल सहीला आले. दुसरा साक्षीदार मला कोणी सुचेना. हुल्डा मला न विचारता ऑरिनला घेऊन आली. ज्याला वाटा मिळतो त्याची सही चालत नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने तिसरे कलम वाचले आणि म्हणाला, "मग खोड हे." मी पायमोजा उतरवून व्रण दाखवला, घाण्याचेही सांगितले. त्याने तो पाहिला आणि म्हणाला,

"लेम, रंगाचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही कधी. तू चार गल्ल्या पलीकडे राहत होतास. एकदा तरी यायचंस."

मी म्हणालो, भीती वाटली.

"पेन दे," तो म्हणाला.

कॉफीला थांबला नाही. घर आता हुल्डास द्यावे. जिन्याची तिसरी पायरी हलते, तिने जपून चढावे.

वेनफोर्ड, ९ ऑक्टोबर १९११
सही: लेम्युएल स्ट्राउब

साक्षीदार:
एमॉस पेल. माझ्यासमोर सही केली.
ऑरिन टेट. माझ्यासमोर सही केली. भित्रा आहे, पण शुद्धीवर आहे.