दुखणं सव्वासहा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.५५
पाठदुखीला आज तीन वर्षं, दोन महिने, नऊ दिवस. एक्स-रे झाले, एमआरआय झाला, पट्टा झाला, मलमं तर घरभर. हाडांचे डॉक्टर म्हणतात, मणके ठीक आहेत. असतील. त्यांचे असतील.

उद्यापासून विषय संपला. जुनाट दुखण्यावर मानसशास्त्राचं मोठं संशोधन चाललंय, त्यात माझी निवड झाली. बायको म्हणाली, निवड कसली, ज्यांनी फॉर्म भरला त्या सगळ्यांना घेतलंय. गणिताची शिक्षिका आहे. चालायचंच.

संकल्प: १२ एप्रिलला भिंगरी नऊ वर्षांची होते, त्याआधी लेकीला सायकल शिकवणे. मागच्या वाढदिवसाला सायकल आणली, बाजूची छोटी चाकं मीच काढली, सीट धरून मागे पळेन असं वचन दिलं. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. सायकल वर्षभर जिन्याखाली उभी आहे. भिंगरी हल्ली विचारतसुद्धा नाही. ते मला पाठीपेक्षा जास्त लागतं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

मंगळवार, ४ मार्च. रात्री ८
संशोधन केंद्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पाठदुखीवाल्यांना तीन जिने! हाही प्रयोगाचाच भाग असावा. मी ओळखलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मानसशास्त्रज्ञ बाई वयाने लहान, बोलायला गोड. म्हणाल्या, जुनं दुखणं खोटं नसतं, पण कधीकधी इजा बरी झाली तरी मेंदू धोक्याची घंटा वाजवतच राहतो. माणूस घाबरून हालचाल टाळतो, मग घंटा आणखी लवकर वाजते. मी मान डोलावली. असे लोक असतात खरे.

मग रोज भरायचा तक्ता दिला, दुखणं शून्य ते दहा. वीस वर्षं मी दुकानातले वजनकाटे तपासून शिक्के मारतोय, ग्रॅमचा फरक सोडत नाही, आणि दुखणं काय किलोकिलोने मोजू? ६.२५ लिहिलं. बाईंनी ६ केलं. त्यांची पाठ वळल्यावर मी .२५ परत लावलं.

मला गट दोनमध्ये टाकलंय. पान चार घरी नीट वाचा, असं त्या दोनदा म्हणाल्या. सहा पानी कागद, सही शेवटच्या पानावर, ती मी तिथेच केली. फॉर्म आम्हाला काय नवीन?

शुक्रवार, ७ मार्च
केंद्रातून फोन. साहाय्यकाने तेरा प्रश्न विचारले. दुखणं कधी थांबणारच नाही असं वाटतं का, सारखा त्याचाच विचार येतो का, वगैरे. मी उत्तरं दिली. तो फक्त बरं, बरं म्हणत होता. शेवटी धन्यवाद, पुढच्या शुक्रवारी पुन्हा.

फोन ठेवला आणि लख्ख प्रकाश पडला. हाच उपचार! तेच प्रश्न, तोच सपाट आवाज, दर शुक्रवारी. मनाच्या तळाशी काम चाललंय. रोग्याला कळूही देत नाहीत. फार पुढे गेलंय शास्त्र.

संध्याकाळी दुखणं ५.७५. अर्धा पॉइंट एका फोनमध्ये.

रविवार, ९ मार्च
आज सायकल शिकवणारच होतो. चाकांत हवा नव्हती. पंप मारायचा तर वाकावं लागतं. वाकणं आणि उपचार एकदम नको. भिंगरीला तसं समजावलं. ती म्हणाली बरं, अगदी त्या साहाय्यकासारखं.

उद्यापासून उपचाराला माझी जोड: संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा आडवं पडून, डोळे मिटून, मनाची एकाग्रता. घरात टाचणी पडलेली ऐकू आली पाहिजे. बायको म्हणाली, मग आम्ही दोघी बाहेरच जातो. समजूतदार आहे.

शनिवार, १५ मार्च. सकाळी ९.३०
दुसऱ्या फोनचा परिणाम अफाट. ४.५! फिरायला निघालो तो थेट पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. सव्वासहा किलोमीटर. संध्याकाळी सायकल.

शनिवार, १५ मार्च. दुपारी ४
आडवा आहे. ८.७५. सायकल पुढच्या शनिवारी.

मंगळवार, १८ मार्च
अजून आडवा. बायको तीन दिवस चहा आणून देते आहे, पण कसं वाटतंय असं एकदाही विचारलं नाही. मी दोन वेळा कण्हून पाहिलं. म्हणाली, चहा निवतोय.

शुक्रवार, २१ मार्च
केंद्रात मधली तपासणी, म्हणजे पुन्हा तेच फॉर्म. बाकावर एक शिंपी भेटला, मान दुखते म्हणून आलेला. तो गट एकमध्ये. बिचाऱ्याला काय काय करायला लावतात! श्वासाचे व्यायाम, घरचा अभ्यास, रोज फक्त दहा मिनिटं शिवणाच्या मशीनवर बसायचं. बरं वाटलं तरी अकरावं नाही, वाईट वाटलं तरी दहावं चुकवायचं नाही. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. म्हणाला, मान अजून दुखते, पण तिच्याकडे सारखं बघत बसत नाही, कालच एक कोट पुरा केला.

मला त्याची दया आली. माझे नुसते फोन चाललेत असं सांगितलं नाही. माणसाचं मन मोडू नये.

बुधवार, २६ मार्च
आम्हा तपासनिसांची नजर सुटत नाही. नोंदी:
१. सायकलच्या चाकांत हवा भरलेली आहे. ऊन वाढलं की हवा फुगते.
२. भिंगरीच्या गुडघ्याला खरचटलंय. मैदानात पडली म्हणाली. शाळेत लक्ष देत नाहीत.
३. दोघी भाजीला जातो म्हणतात आणि भाजी न घेता, घामाघूम, हसत परत येतात. बाजारात भाव वाढलेत वाटतं.

एकाग्रता उत्तम. काल तर घोरण्याचा आवाज बाहेर गेला, असं शेजारच्या आजींनी कळवलं.

शुक्रवार, ४ एप्रिल
ऑफिसात दुपारी व्याख्यान दिलं, 'दुखणं आणि मन'. कोणी मागितलं नव्हतं, पण ज्ञान साठवून ठेवणं बरं नाही. टायपिस्ट, शिपाई आणि परवान्यासाठी आलेले दोन दुकानदार हजर. दुकानदारांना जाता येत नव्हतं. भीती हेच खरं दुखणं, असं सांगत आमचं वीस किलोचं प्रमाण वजन उचलून दाखवलं.

म्हणजे उचललं. दाखवायच्या आधी पाठ तिथेच थांबली. मी वाकलेला, वजन हातात. शिपायाने वजन आधी सोडवून घेतलं, सरकारी आहे म्हणून. मग मला.

जीपमध्ये मागच्या बाकावर आडवा होऊन घरी. फोन आला तेव्हा ९.५ सांगितलं. तो बरं म्हणाला.

गुरुवार, १० एप्रिल
वाढदिवस परवावर. मघाशी भिंगरी खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, बाबा, शनिवारी सकाळी थोडा वेळ सीट धरशील? थोडाच. नाही जमलं तर चालेल.

हे नाही जमलं तर चालेल फार लागलं. छातीत काहीतरी झालं, ते तक्त्यात कुठे भरायचं कळेना. हो म्हणालो. भीतीने घाम फुटलाय.

शनिवार, १२ एप्रिल. सकाळी ८.१५
पळालो!!

मागच्या गल्लीत, सीट धरून, वळणापर्यंत आणि परत, तीन वेळा. पोरगी सुरुवातीला जरा डगमगली. मी ओरडत होतो, समोर बघ, पायडल मार, घाबरू नकोस, मी आहे! तिसऱ्या फेरीला हात सोडला तर गेली की सरळ! पहिल्याच दिवशी! शिकवणाऱ्यावर असतं शेवटी. बायको कट्ट्यावर बसून तोंडावर पदर धरून होती. भरून आलं असणार.

पाठीची आठवणच झाली नाही, आत्ता लिहिताना झाली. ३. फोनचा विजय असो.

निघण्याआधीच भिंगरीला भेट म्हणून सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ दिलं. ऑफिसच्या प्रमाण घड्याळाशी मीच ताडून आणलंय.

सोमवार, १४ एप्रिल. संध्याकाळी ५
केंद्रात शेवटची तपासणी. भिंगरीला मुद्दाम सोबत नेलं, पुरावा म्हणून. तीन जिने चढलो.

बाई म्हणाल्या, सहा आठवडे थांबलात त्याबद्दल आभार, आता तुमच्या गटाचे उपचार सुरू करू.

मी हसलो. सांगितलं, उपचार संपले, मी बरा झालो, पोरीच्या सायकलमागे पळालो. त्यांना मनापासून आनंद झाला. कशाने झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, फोनने.

त्यांनी पान चार काढून पुढे ठेवलं. गट दोन म्हणजे थांबणाऱ्यांचा गट. सहा आठवडे काहीही द्यायचं नाही, फक्त विचारायचं, म्हणजे गट एकशी तुलना करता येते. शिंप्याच्या गटाला जे मिळत होतं, तो उपचार होता. खाली सही माझीच, आमच्या शिक्क्याइतकी ठसठशीत.

मग मी कशाने पळालो, असं मी विचारलं. भिंगरी म्हणाली, सांगू?

तीन आठवड्यांपूर्वीच तिला सायकल येऊ लागली. आईने शिकवली, साडेपाच ते साडेसहा. शनिवारी ती मुद्दाम हळू चालवत होती. जोरात गेली असती तर बाबा सीट सोडून कट्ट्यावर जाऊन बसला असता. डगमगणं आदल्या दिवशी करून पाहिलं होतं. आणि अकरा मिनिटांत बाबा एकदाही आई गं म्हणाला नाही, तिने नव्या घड्याळावर मोजलंय. नाश्त्याला बसला की चौदा वेळा म्हणतो.

बाईंनी विचारलं, येत होती तर बाबाला का बोलावलंस? भिंगरी म्हणाली, तो शिकवणार होता ना.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी लगेच विचारलं, दुखतंय का. नाही म्हणालो. खरंच नव्हतं दुखत.

घरचा पहिला अभ्यास: रोज सायकलमागे अकरा मिनिटं. बरं वाटलं तरी बारावं नाही, वाईट वाटलं तरी अकरावं चुकवायचं नाही. बाईंनी वेळ मोजायचं काम भिंगरीला दिलं.

संध्याकाळी ६.४०
बारावं मिनिट मागून पाहिलं. छान चाललं होतं म्हणून. नाही म्हणाली. घड्याळ चुकत असेल असंही सुचवलं, तर म्हणाली, बाबा, तूच तपासलंयस.