बिघडलेल्या प्लेटचं प्रकरण

४ मे, सकाळ
जीवशास्त्राच्या निवडक शिक्षकांसाठी संशोधन प्रशिक्षण सुरू. (निवडक म्हणजे अर्ज केलेले सगळे. तरीही.) आमच्या शाळेत नवी प्रयोगशाळा बांधून तयार आहे. इथे जो चांगलं काम करेल त्याच्या ताब्यात ती देणार, असं हेडबाई म्हणाल्यात. आमच्याकडून दोघंच आलोय, मी आणि ज्युनिअर. ज्युनिअर परवा-परवा नोकरीला लागलेली पोरगी. म्हणजे प्रयोगशाळा माझीच. घरी बायकोला सांगून टाकलं. ही म्हणाली, आधी मिळू तर दे.

४ मे, संध्याकाळ
थेंबभर पाणी मोजून सोडायची मायक्रोपिपेट पहिल्यांदाच हातात घेतली. बटण दाबलं, पुढची टिप उडून मार्गदर्शक बाईंच्या कपाळावर. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण डॉक्टरेट. म्हणाल्या, सर, ते टिप काढायचं बटण. मी म्हटलं, माहितीय, चालतंय का बघत होतो.

६ मे
प्रत्येकाने कुठूनतरी चिमूटभर माती आणायची. प्लेटमध्ये साध्या जीवाणूंचा थर पसरायचा, वर मातीचं पाणी सोडायचं आणि काय होतं ते बघायचं. 'काय होतं ते बघायचं' ही काय सूचना झाली? निष्कर्ष कुठे लिहिलाय, विचारलं. बाई म्हणाल्या, तो तुम्हीच शोधायचाय. म्हणजे यांची तयारीच नाही! मी वर्गात निष्कर्ष आधी फळ्यावर लिहून देतो, मग प्रयोग. आजवर एकही चुकलेला नाही.

वेळ वाचावा म्हणून निष्कर्ष आधीच लिहून ठेवला: 'संपूर्ण प्लेटवर एकसारखी वाढ झाली.' आकृतीही काढली. भागांची नावं एका रेषेत.

७ मे
ज्युनिअरच्या प्लेटवर नुसता गिचका, सगळे डाग एकमेकांत मिसळलेले. आणि पोरगी त्याचे फोटो काढतेय! फेकून दे, म्हणून मोठ्या मनाने समजावलं. असू दे सर, म्हणाली. आजकाल कोणाला काही सांगायची सोय नाही.

८ मे
घोळ. माझ्या प्लेटमध्ये पिवळा ठिपका आणि त्याच्याभोवती बटणाएवढं मोकळं वर्तुळ. तिथे काही उगवलंच नाही. बहुतेक मी शिंकलो होतो. आकृतीशी जुळेना. प्लेट ब्लीचमध्ये बुडवली, साबणाने लख्ख घासली. नवीन केली, या वेळी मातीशिवाय. सगळी गडबड मातीच करते. उरलेलीही फेकून दिली.

११ मे
नवी प्लेट गुळगुळीत. आकृतीशी तंतोतंत! उद्या सादरीकरण, हेडबाई येणार. प्रयोगशाळेत माझं टेबल खिडकीपाशी ठेवायचं ठरवलं.

१२ मे
सुरुवात उत्तम. प्लेट दाखवली तर सगळे गप्प, आदराने असावेत. बाईंनी विचारलं, मातीतलं काहीच कसं उगवलं नाही? मग पहिल्या प्लेटची गंमत सांगितली. ठिपका, वर्तुळ, शिंक. मी हसलो. एकटाच.

बाई उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, त्या ठिपक्याने आजूबाजूचे जीवाणू मारले होते, सर, अशातूनच नवी औषधं मिळतात. हेच शोधायला सगळ्यांना माती आणायला लावली होती, आणि कोणालाच सापडलं नाही. प्लेट कुठेय? घासली. माती? फेकली. कुठली होती? आठवेना. बसस्टॉपजवळची, नाहीतर पोस्टाच्या मागची. बाई मटकन खाली बसल्या.

ज्युनिअरने गिचक्याचे फोटो दाखवले. मला काही सापडलं नाही, आता असं करून बघेन, असं सरळ सांगितलं. टाळ्या तिला.

१३ मे
प्रयोगशाळेची किल्ली ज्युनिअरला. हेडबाईंनी फोनवर फार गोड बोलून सांगितलं. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लावलेले शोध शिकवले. एक माझ्या हातात आला आणि मी तो साबणाने घासला. घरी हिला सगळं सांगितलं. ही शेजारी येऊन बसली. ते जास्त लागलं.

१५ मे
सोमवारपासून ज्युनिअर नव्या प्रयोगशाळेत शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना शिकवणार. मलाही बोलावलंय. जाणार नाही. प्रश्नच येत नाही.

१८ मे
गेलो. मागची जागा मिळाली. ज्युनिअरने विचारलं, सर, तिथून दिसतंय ना? काही दिसत नव्हतं. हो म्हटलं.