हजेरीपुरते डोळे

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक गांगुर्डे साहेब,
नाशिक

महोदय,

माझ्या वरच्या पापण्या उचलणारे स्नायू सैल पडले होते. पापणी निम्म्या बुबुळावर उतरायची, म्हणून मी हनुवटी वर करून बघायचे. ऑफिसात त्याला माझा माज म्हणायचे. चेहरा दाखवून हजेरी लावायचं मशीन आलं, तेव्हा फोटोही तसाच निघाला.

मार्चमध्ये मी ऑपरेशन करून घेतलं. रजेच्या अर्जावर तुम्ही ‘सुंदर दिसण्यासाठी’ असा शेरा मारलात आणि रजा बिनपगारी केलीत. अहो साहेब, मला समोरच्या माणसाचं कपाळ दिसत नव्हतं!

परत कामावर आले, तर मशीन म्हणतं, ‘चेहरा जुळत नाही.’ नवा फोटो घ्या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, “मॅडम, त्याला वरून मंजुरी लागते. तोवर जरा पहिल्यासारखं बघा ना.”

अख्ख्या ऑफिससमोर मी पापण्या पाडल्या आणि हनुवटी वर केली. मशीन ‘धन्यवाद’ म्हणालं. सगळे हसले, तुम्हीसुद्धा. त्याला आता तीन महिने झाले. रोज सकाळी तेच नाटक!

हा अर्ज मी देणार नाही, कारण वर जायचा तर तो तुमच्याच सहीने जाणार.

संध्याकाळी स्टँडवर ओझरच्या बसची पाटी मी मान सरळ ठेवून, लांबूनच वाचते. ते डोळे मात्र तुमच्या रेकॉर्डला नाहीत.

रोज सकाळी दहा वाजता आपली विश्वासू,
संजना अहिरे
कनिष्ठ लिपिक